दुसरा खटका

नित्रा गावाबाहेरच्या कारखान्यात
ब्लाझेनानं एकवीस वर्षं खटके ऐकले.
मोटारीच्या मागच्या सीटची पाठ पाडायची, उचलायची,
खटका लागला की पुढं सोडायची.

नव्या पोरांना सांगायची,
पहिल्या खटक्याला भुलू नका.
त्यात कडीनं खुंटी नुसती चिमटीत धरलेली असते.
दुसऱ्यात मूठ वळते.
अधेमधे राहिलेली सीट बसल्यासारखीच दिसते,
आणि ब्रेक मारला की
मागचं सगळं सामान तुमच्या मानेवर.

शेवटी शेवटी तिचा डावा कान गेला.
कुणाला बोलली नाही.
पाठीवर तळवा टेकवून ऐकायची;
दुसरा खटका कोपरापर्यंत लागतो.
निरोपाला त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं.
त्याची टिकटिक तिला ऐकू येत नाही.

मुलगा रादोवान, घरं रंगवतो.
शिडी, प्लास्टरच्या गोण्या, डबे.
पूर्वी दर शनिवारी सगळं उतरवून
सीट उभी करायचा, झाडायचा,
तामाराची छोटी खुर्ची वर बांधायचा.
मग घरातच खटके उडू लागले.
मार्टिना पोरीला घेऊन बर्नोला गेली
आणि सीट पडली ती पडलीच.

नोव्हेंबरात बापाच्या कबरीवर जायचं होतं.
ब्लाझेना शेवंतीची कुंडी घेऊन आली,
मागचं दार उघडलं,
शिडी ओढून फुटपाथवर ठेवली.
पाठ उचलली. खट्.
पुढं काही नाही. लाल खूण तशीच बाहेर.
कडीच्या तोंडात वाळलेलं प्लास्टर.
केसातला आकडा काढून ती कोरत बसली.

"आई, थंडी आहे. तिथं बसणार कोण?"
तो तिच्या डाव्या बाजूला उभा होता.

खांदा लावला.
खट्.
आणि मग, तळव्यातून वर, कोपरापर्यंत –

आकडा केसात खोचला,
मागंच बसली, कुंडी मांडीवर,
पट्टा लावून. "चल."
शिडी दारवानाकडं ठेवून त्यानं गाडी काढली.
आरसा इतके महिने शिडीच्या पायऱ्यांवर रोखलेला,
तो बोटानं जरा खाली केला.

झोबोरच्या उतारावर ब्रेक जरा जोरातच लागला,
मुद्दाम की काय कोण जाणे.
थोडी माती तिच्या कोटावर सांडली.
पाठ हलली नाही.