काढण्याचा क्रम

चढवायला सगळेच शिकतात, जेबे.
मरण असतं ते उतरवण्यात.

म्हणून मी इथे उभा,
लाल दोरीच्या अलीकडे,
पाठीवर क्लोरीनचा पंप.
गेल्या साली याच पंपाने
चुलत्याच्या कोकोवर औषध मारायचो.
आता माणसांवर मारतो.
हात पसर. बोटं फाक. वळ.
तळवे दाखव. बुटांचे गं, हातांचे नव्हेत.

पंचावन्न मिनिटं आत होतीस.
खडूने लिहिलंय मी फळ्यावर.
चाळीसच्या वर कुणी थांबायचं नाही, हा नियम.
एकोणीस खाटांना तुम्ही दोघीच,
हाही आता नियमच झालाय.

कोण गेलं, विचारत नाही.
एप्रनवर काय आहे ते दिसतंय.
तिथे जरा जास्त मारतो.

वरचे हातमोजे काढ. हात धू.
एप्रन, मानेमागून, पुढे वाकून.
पुन्हा हात.
सावकाश.
साप कात टाकतो, त्याला कुठे घाई असते?
घरी जायची घाई तर तुलाही नाही.
घरमालकाने तुझी चटई, तुझं पातेलं
रस्त्यावर आणून ठेवलंय म्हणे,
काठीने ढकलत.

डोळे मीट. चष्मा.
पट्टी मागून धर, पुढून नाही.

हरमॅटन सुटलाय सकाळपासून.
कुठल्या कुठल्या वाळवंटाची धूळ
आमच्या आंब्यांवर येऊन बसते.
माझेच डोळे चुरचुरतायत,
घामात बुडालेल्या तुझ्या डोळ्यांचं काय होत असेल.

आणि दिसलं मला.
तुझा उजवा हात निघाला.
कोपरातून वर, कपाळाकडे,
केस मागे सारायला निघतो तसा,
तुला न विचारता.

जेबे!

एवढ्या मोठ्यानं मी भाताच्या शेतात
पाखरांवरही ओरडलो नसेन.
कुंपणापलीकडे डबे घेऊन बसलेल्या बायका
गप्प झाल्या.
हात हवेत थांबला.
चेहऱ्यापासून एक वीत.

बोकारीला ही वीत मिळाली नाही.
त्या दिवशीही इथे मीच होतो.
पंप भरायला वळलो होतो, दहा पावलं फार तर.
तो म्हणाला, काही नाही रे, घाम पुसला.
आम्ही दोघेही हसलो.
फळ्यावर मी वेळ लिहिली,
ते लिहिलं नाही.
नवव्या दिवशी तो दोरीच्या पलीकडे होता,
सातव्या खाटेवर,
आणि त्याला पाणी पाजायला तूच गेलीस.

हे तुला आज सांगतोय.
तू काही बोलू नकोस, तोंडावर अजून मास्क आहे.

हात खाली घे. धू.
टोपी मागे सार. चेन उघड, मान वर.
खांदे, बाह्या, आतून बाहेर गुंडाळत.
पायांनीच बाहेर ये त्यातून.
धू. मास्क, मागच्या दोरीने.
धू. आतले हातमोजे.

निघाले तुझे हात,
पांढरे पडलेले, सुरकुतलेले,
तुझ्या वयाहून चाळीस वर्षांनी मोठे.
धरता येत नाहीत.
कोपर पुढे कर, हा माझा कोपर.

आता बूट माझे, हातमोजे माझे.
तू दमली आहेस, माहीत आहे,
पण तो कागद घे, दोरीच्या त्या बाजूला उभी राहा
आणि पहिल्या ओळीपासून वाच.
माझं नाक मघापासून खाजतंय.
हात निघाला तर लाजू नकोस,
ओरड.