बरोबरचं चिन्ह

चाकवीच्या बागेत, मंदारिनच्या पानाखाली
तो लाल कोळ्यांना खात होता.
नाव नव्हतं. नावावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं.

पान खुडलं म्झेविनारने,
प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी, वय एकोणीस.
"हा पळतोय," ती म्हणाली, "बाकीचे नुसते सरकतात."

ओतिया जकेलींनी त्याला काचेवर निजवलं,
पाठीवरचे केस मोजले, पुन्हा मोजले.
केसांवरून कुळ ठरतं तिथे;
सोयरीक जुळवणाऱ्यांनी लाजावं इतकी बारीक चौकशी.
मग चार पानी लेख, काळ्या शाईची आकृती,
आणि नाव: म्झेविनारे.
लॅटिनमध्ये तिला षष्ठी लागली होती.
म्झेविनारचा.
दोन नद्यांपलीकडे कुणी ओळखत नव्हतं तिला,
आणि आता आठ पायांचं काहीतरी तिचं होतं.
आई म्हणाली, "लग्नाच्या पोरीचं नाव किड्याला?"
आणि तो अंक पेटीच्या तळाशी गेला,
चादरींच्या खाली.

सव्वीस वर्षांनी पालेर्मोत, बंद पडलेल्या एका मासिकात,
हाच कोळी निघाला. घेवड्याच्या पानावरचा.
सतरा महिने आधी छापलेला.
नाव लेंटस, म्हणजे मंद.
नाव ठेवणाऱ्याने तो फक्त मेलेला पाहिला होता.

नियम असा की आधीचं नाव खरं.
चुकीचं असलं तरी खरं.

यादी करायचं काम माझ्याकडे आलं.
वर लेंटस लिहिलं. खाली, जरा आत सरकून,
बरोबरचं चिन्ह, आणि त्यापुढे तिचं नाव, तिरक्या अक्षरांत.
दोन आडव्या रेघा, बस.
आमच्या धंद्यात नाव टाकतात ते असं,
खोडत नाही कुणी.

कोबुलेतीला गेले सांगायला.
ती अंगणात बसून तेंदूफळं सोलत होती,
सोललेली दोऱ्यात ओवत होती.
सगळं ऐकून घेतलं.
"पुसलं?"
"नाही. पुसता येत नाही. राहतं तिथेच, बाजूला."
"हं."
दोन फळं सोलून झाली.
"आणि मंद कोण म्हणालं त्याला?"

मी वर्ष सांगितलं, गाव सांगितलं.
तिने सुरी ठेवली, हात पदराला नाही, गवताला पुसले,
डब्यात लावलेल्या लिंबाचं एक पान
माझ्या डोळ्यांपुढे उलटं केलं.
तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"बघ," ती म्हणाली, "गेला."

मला काही दिसलं नाही.