एकशे त्रेचाळिसावं पान

रात्रीचे अडीच. रस्ता-खात्याच्या गॅरेजात
मी, वायरलेस,
आणि काउंटरखाली पालथं घातलेलं पुस्तक.
सुपीरियर सरोवरावरून आलेला बर्फ
आडवा पडतोय, उभं पडणं त्याला ठाऊकच नाही.
"नऊ नंबर. मीठ संपलं."
नऊ नंबर म्हणजे अर्व्हो. परत ये, भरून घे, म्हणते,
आणि लांडग्याकडे वळते.

लांडगा सध्या माणूस आहे. दारात उभा,
खांद्यांवर बर्फ वितळतोय, शर्ट अर्थातच फाटलेला.
हा सातवा भाग. दर भागात चार तरी शर्ट फाटतात,
बटणं कोण शिवतं याबद्दल लेखिका गप्प.
हसते मी.
पण पान लगेच उलटत नाही.

उघड्या अंगाचं आम्हाला कौतुक नाही.
फिनलंडहून खाणींवर आलेल्यांच्या आम्ही नाती;
दर शनिवारी सौनात आजी, मावश्या, शेजारीण
उकडलेल्या बटाट्यांसारख्या ओळीनं,
तापल्या दगडांवर ओगराळंभर पाणी,
आणि गप्पा कुणाच्या गुडघ्याच्या.
वाफ म्हणाल तर ती घरचीच.

नाही ते वेगळंच:
कुणाच्या वासानं कुणाची हाडं जागा सोडतात.
वारा उलटा असूनही तीन मैलांवरून
त्याला कळतं, ती आज रडली आहे,
आणि कांदा चिरताना नाही.
झाडं मोडत येतो,
आणि उंबऱ्याशी थांबतो.
नखं, दात, भूक, सगळं असून थांबतो.
"येऊ?"

ज्याच्याशी सव्वीस वर्षं संसार केला
त्याला ना शेपूट होतं, ना पौर्णिमा लागायची.
ही दोन अक्षरं मात्र त्याला कधी जमली नाहीत.

पुस्तक वाचनालयाचं. टेबलावर ठेवलं
की आपोआप उघडतं, इथेच,
एकशे त्रेचाळिसाव्या पानावर. कणा इथे मोडलाय त्याचा.
माझ्याआधी किती अंगठे थबकले असतील;
कोपऱ्यात लोण्याचा एक डाग पारदर्शक झालाय,
त्यातून पुढच्या पानावरचं "मान" एवढंच दिसतं.

शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीच्या खुणा.
आमच्याकडच्या बायका करतात,
वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून.
फुली: इम्पी कोस्की,
रविवारच्या शाळेत आम्हाला दहा आज्ञा शिकवायची.
वर्तुळात टिंब: पोस्टातली ल्यूली.
आणि खाली, अगदी कडेला,
चिमुकलं स्प्रूसचं झाड. तीन फांद्या,
उजवीकडची जरा आखूड.

हे झाड तळघरात आहे,
थिंबलबेरीच्या मुरंब्याच्या झाकणांवर.
शाळेच्या डब्यावर होतं माझ्या.

आई.
जी पडद्यावर दोन तोंडं जवळ आली
की उठून धुतलेली भांडी पुन्हा धुवायची.
बाबांशी "वाढलंय" यापलीकडे
बोलल्याचं मला आठवत नाही.
शेवटच्या आजारात तिची पाठ पुसताना
विचारलं होतं, काही हवंय का?
"खिडकी उघड जरा."
जानेवारी होता. मी उघडली नाही.

सातव्यापर्यंत आली होती म्हणजे.
मागचे सहा पुन्हा आणायला हवेत, झाड शोधायला.
आठवा निघाला तो तिच्यानंतर.
तो रानात परततो की तिच्यापाशी राहतो,
आईला कळलंच नाही.

"नऊ नंबर. भरलं, निघालोय."
खरखर. मग बराच वेळ काही नाही. मग:
"अगं, पुलापाशी काहीतरी आडवं गेलं आत्ता.
कुत्रा नव्हता. मोठं होतं."
"पावलं कुठल्या बाजूला?"
"भरून गेली," म्हणतो अर्व्हो. "का?"

खिडकी बोटभर उघडते.
कागद फडफडतात, कॉफी निवते.
पेन्सिल हातात आहे कधीची.
माझी खूण काय, ते ठरत नाही.