घडी

वडगावच्या घरात जिथं माग होता
तिथं आता माझं कपाट आहे.
फरशीत बोल्टांची चार भोकं राहिलीत.
झाडताना आई अजून त्यांना वळसा घालते,
माग तिथंच असल्यासारखा.

कपाटात डबे.
पत्र्याचे, पुठ्ठ्याचे, एक लाकडी, पितळी बिजागरीचा.
काही सिनेमांचे, बरेचसे खेळांचे,
खास आवृत्तीचे. पाठीवर छापलेलं:
दोन हजारांतला चारशे एकोणिसावा.
आत काय आहे ते मला पाठ आहे, बाहेरून वाचून.
तबकडी लावायचं यंत्र होतं, ते बिघडलं,
दुरुस्तीचे पैसे निघाले
त्यात आणखी एक डबा आला.

कुरिअरची खोकीही टाकत नाही मी.
माळ्यावर आहेत, एकात एक.
जुन्यांवर बेळगाव, पुढच्यांवर बेळगावी,
एकावर दिल्लीच्या कुणी
चक्क बेलगाम लिहिलंय, लगाम सुटलेलं.
पिनकोड मात्र तोच.
नागेंद्र खोकं कानाशी धरून हलवतो,
"परत रिकामंच की हो, परशुरामदा!"

उघडत का नाहीस, सगळे विचारतात.
आईनं कधी विचारलं नाही.
चाळीस वर्षं तिनं साड्या विणल्या
आणि घड्या घातल्या:
काठ वर, पदर चार बोटं दिसेल इतकाच,
मध्ये पतंगाचा कागद.
खडेबाजारातला शेट साडी उलगडायचा नाही.
घडीवरून तळवा फिरवायचा
आणि आकडा बोलायचा.
"गिऱ्हाईक आधी घडी घेतंय," आई म्हणते,
"लुगडं मागनं."

माग उद्यमबागेत भंगाराच्या काट्यावर चढला
त्याच्या आदल्या दिवशी उतरलेली साडी
तिनं ट्रंकेत ठेवली होती. अंजिरी.
घडी मोडायची राहिली, राहिली,
यंदा येळ्ळूरच्या लग्नाला म्हणून काढली
तर घडीच्या रेघेवरच रेशीम चिरलेलं.
तिनं त्या चिरीतून बोट घातलं,
पलीकडून स्वतःचं नख बघितलं,
आणि दुसरं लुगडं नेसून लग्नाला गेली.

त्या रात्री मी चारशे एकोणीस उघडला.
ब्लेडनं. हात थरथरला, खोटं कशाला सांगू.
आतून नव्या शाईचा, बंद हवेचा वास आला.
तबकडी, एक पुस्तिका, शिशाचं नाणं,
आणि कापडावर छापलेला नकाशा.
आईनं तेवढाच उचलला.
अंगठ्यानं घासला, दिव्यासमोर धरला.
"पॉलिस्टर. काठ नुसता कापलाय रे,
धागं सुटूलेत बघ.
कुठला मुलूख हा?"
"कुठलाच नाही. खेळातला आहे."
"मग एवढ्या सीमा कशाला काढल्यात?"

सकाळी उठलो तर नकाशाला दुमड घातलेली,
चारी बाजूंनी,
अंजिरी धाग्यानं.
टाके इतके बारीक की आधी दिसलेच नाहीत.
उत्तरेचा समुद्र थोडा आत गेला होता,
एक बंदर तर पूर्णच.
मी किंमत मोजायला लागलो मनात
आणि चहा निवला.

दुपारी हुबळीहून मंजुनाथ हिरेगौडरचा फोन.
दोन वर्षं मागे लागलाय तो या डब्यासाठी.
"सील ऐतेन्री?"
"इल्ल्री," मी म्हटलं.
कारण सांगायला कन्नड शब्द आठवेना
म्हणून मराठीतच सांगितलं: घडी मोडली.
तो गप्प झाला. त्याच्या मागं रिक्षा ओरडत होती.
"यारु?" म्हणाला. कुणी?
"अव्वा."
"हां," म्हणाला, आणि भाव काही विचारला नाही.

नकाशा आता डब्यात बसत नाही.
दुमडीनं जाड झालाय.
दाबून बघितलं, उलटा घालून बघितलं.
झाकण बोटभर उघडं राहतंय.