तीन कळा

आमच्या शाळेत मुलं त्रेचाळीस.
म्हणून फुटबॉल सहा-सहा जणांचा,
आणि बँडमधल्या तेरा जणांपैकी चौघं
हाफटाइमच्या शिट्टीपर्यंत
मैदानात दुसऱ्या गावच्या मुलांवर आदळत असतात.

शिट्टी झाली की धावत येतात,
हेल्मेट गवतात फेकतात,
घामानं चिकटलेल्या जर्सीवरच ड्रम अडकवतात.
गॅरिट कुचेराचं काम जास्त किचकट.
ट्यूबा अंगावर चढवायचा
तर आधी खांद्यांवरची प्लास्टिकची ढाल उतरवायला हवी.
त्याची आई कुंपणापाशी तयारच असते.
लहानपणी स्वेटर काढत असेल, तशी
डोक्यावरून ओढून काढते.
अख्खं डेल्बी बघतं. तो लाजत नाही.
मी असते तर मेले असते.

त्या शुक्रवारी होमकमिंग.
पिकअप गाड्या मैदानाकडे तोंड करून उभ्या,
वाटीत चिली आणि सोबत दालचिनीचा गोड रोल
(आमच्याकडे हे एकत्रच खातात, का ते विचारू नका).
रस्त्यापलीकडे मक्यात माझे वडील
दिवे लावून कम्बाइन चालवत होते,
कानाशी रेडिओवर आमचीच मॅच.
डेल्बीचा टचडाउन झाला
की ते दोनदा दिवे मिचकावतात.
त्या रात्री शेत बराच वेळ डोळे वटारून होतं.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये गॅरिटच्या उजव्या हातावर
ग्रोव्हर क्रीकचा एक गोठ्याएवढा मुलगा पडला.
कोचनी चार बोटं एकत्र बांधली, पट्टीवर पट्टी.
हाताचं लाटणं झालं.

मिसेस ओल्टमननी छडी उचलली, खाली केली.
ट्यूबाशिवाय आमचा बँड
म्हणजे बूड नसलेली बादली.
"कळा कोण दाबणार?"
हे त्या आम्हाला नाही, आभाळाला विचारत होत्या.

मी ट्रम्पेट बाकावर ठेवला.
त्याला तीन कळा, ट्यूबालाही तीनच.
आणि दोन वर्षं त्याच्या पुढच्या रांगेत बसून
त्याचा एकेक सूर माझ्या पाठीतून आत आलेला.

श्वास त्याचा, बोटं माझी.
पहिल्या दोन ओळी वाया गेल्या.
तो फुंकायचा तेव्हा मी दाबलेलं नसायचं,
मी दाबायचे तेव्हा तो श्वास घेत असायचा.
शिवाय चालायचं होतं.
आठ पावलं, वळण, आठ पावलं,
मी त्याला धरून तिरकी, खेकड्यासारखी,
एकदा त्याच्या बुटाचे खिळे थेट माझ्या अंगठ्यावर.
लोक हसत होते.
मग मी मोजणं सोडलं.
त्याच्या बरगड्या फुगल्या की बोटांना कळायचं.
कुठूनतरी एक हॉर्न वाजला, मग सगळ्या गाड्यांचे.
रेडिओवाल्यानं काय सांगितलं कोण जाणे,
मक्यातले दिवे दोनदा मिचकले.

हरलो. बावन्न–तीस.

रात्री जिममध्ये नाच.
बास्केटच्या जाळ्यांना निळा क्रेप कागद,
फरशीला पॉलिशचा वास, त्याखाली मोज्यांचा.
गॅरिट ब्रिन्ली हॉफबरोबर आला होता.
तिनं ऑगस्टातच विचारलेलं,
त्याचा टाय तिच्या ड्रेसच्या रंगाचा.
यात कुणाचीच चूक नाही.

सरबताच्या टेबलाशी मला म्हणाला,
"शेवटचा बी फ्लॅट चुकवलास तू."
"तू चुकवलास," मी म्हणाले.
"बी फ्लॅटला कळ लागतच नाही.
तो नुसता श्वास असतो."

ट्यूबा वाजवणाऱ्यांना हसू जरा उशिरा येतं.
आलं. आणि तो गेला.

संथ गाणं लागलं.
ब्रिन्लीच्या पाठीवर ते लाटणं आडवं.
मी भिंतीशी उभी, कागदी पेल्याच्या कडेवर
पहिली-तिसरी, दुसरी, मोकळं,
पहिली, मोकळं.

बाहेर कम्बाइन अजून चालू होतं.