नववी आज्ञा

पाहुणा टेक्सासचा. हात परातीएवढे.
बूट दाराशी काढून मोज्यांवर उभा राहिला,
तेवढ्यावरच मंडळीला आवडला.
डोक्यावरचे पत्रे त्याच्याच चर्चच्या पैशांचे,
हेही खरं.

मी त्याच्या डावीकडे.
परतवाड्याच्या दवाखान्यातला जुना कंपाउंडर,
इंग्रजी शिकलो ते चिठ्ठ्यांवर, दिवसातून तीनदा जेवणानंतर.
तेव्हापासून तिकडून जो कोणी येईल
त्याचं वाक्य झेलायचं आणि इकडं हळू ठेवायचं,
हे माझं काम.

पहिली वीस मिनिटं सोपी गेली.
हरवलेलं मेंढरू.
त्याच्याकडं मेंढरू भिंतीवरच्या चित्रात असावं;
आमच्या मागच्या वावरात कालपासून कळप बसलेला.
मी लेंड्यांच्या वासाचं एक वाक्य पदरचं घातलं.
बाया हसल्या.
त्याला वाटलं, आपणच विनोद केला.

मग त्यानं डोळे मिटले.
म्हणाला, येत्या मंगळवारी आमच्याकडं मतदान आहे.
म्हणाला, त्यातली एक बाजू देवाची आहे.
एक नाव घेतलं,
आपण दाविदाचं घेतो तसं,
पाप झाकून, अभिषेक वर ठेवून.
शत्रूंचा पाडाव होवो, म्हणाला,
देशाच्या वेशी पक्क्या होवोत.
आणि थांबला. माझ्यासाठी.

मी कधी कुणाला एवढं ताटकळत ठेवलं नव्हतं.

दार सताड उघडं होतं.
दोन वर्षं झाली, उपासनेला आम्ही दार लावत नाही,
हिव पडलं तरी नाही.
रस्त्यानं जाणाऱ्याला दिसलं पाहिजे
की आत बेचाळीस माणसं आहेत,
तीच बेचाळीस, आज्यापणज्यापासूनची,
नवं कुणी नाही.
ठाण्यात यादी दिलेली आहे.
बाहेर बाभळीखाली पोलीस पाटलाचा पोरगा
मोबाइल आडवा धरून.

शत्रू हा शब्द या दारातून कसा न्यावा?
कोणत्या अंगानं वळवावा?
आणि वेशी.
तिसऱ्या ओळीत रूथबाई तायडे,
तिची नात नागपुरात नर्स,
टेक्सासच्याच कागदांवर सह्या करत बसलेली.

मी म्हणालो,
पाहुणे सांगतात, एस्तेरबाईच्या गुडघ्यासाठी
प्रार्थना करू.
एस्तेरबाईचा गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, साऱ्यांना ठाऊक.
आमेन असा आला की पत्रा दणाणला.

पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी.
आता तो घरी जाऊन सांगणार,
हिंदुस्थानातलं एक अख्खं खेडं
एका आवाजात आमच्या बाजूनं बोललं.

नंतर काय झालं तर,
एस्तेरबाई लंगडत पुढं आली,
आणि हा साडेसहा फुटी माणूस जमिनीवर बसला,
तिचा गुडघा दोन्ही तळहातांत घेऊन,
डोळे मिटून, किती तरी वेळ.
ते खोटं नव्हतं.
वांग्याची भाजी दोनदा मागितली, नाक पुसत खाल्ली,
तेही खोटं नव्हतं.
खोटा मीच एकटा होतो त्या दिवशी.

जीप गेल्यावर एस्तेरबाईनं विचारलं,
'त्या साहेबाले माहा गुडघा कसा मालूम झाला गा?'
म्हटलं, देवानं सांगितलं असेल.
हे दुसरं.

काल त्याचा निरोप आला. छोटा.
जिंकलो, म्हणतो. मंडळीला वाचून दाखव.
इंग्रजीत त्याला एकच शब्द पुरला.
आपल्याकडं दोन आहेत,
आम्ही, आणि आपण.

रविवारला अजून तीन दिवस आहेत.
एस्तेरबाईला मलमाची नवी डबी द्यायची आहे.
ती तेवढी काढून ठेवली.