पाय फुटेपर्यंत

नवव्या खेपेलाही कवचं तडकली
तेव्हा ट्रे उचलून कोंबड्यांपुढे ठेवला.
त्यांचीच अंडी, त्यांनाच परत.

इग्नेसनं बोटीवरून पाठवलेल्या कृतीत
बदामाचं पीठ होतं, आणि एक वाक्य :
खोली कोरडी असावी.
वेंगुर्ल्यात!
जिथे मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात,
जिथे पपाचा लग्नातला कोट
कपाटात, न घालताच, म्हातारा झाला.

बदाम नकोच म्हटलं.
शेवंती आरोलकर कारखान्यातून तुकडा काजू आणते,
चिकानं सोलवटलेली तिची बोटं
माझ्या ओट्यावर पीठ चाळतात
इतकी हलकी, की चाळण वाजत नाही.
"तोंडाक लावची पावडर कशी आसता," ती म्हणते,
"तशी होऊक होयी."
तिनं तोंडाला पावडर लावलेली
मी एकदाच पाहिली आहे.

पिवळं सगळं फिलूमावशीकडे गेलं,
तिच्या बेबिंकचे थर यंदा अकरा.
रंगासाठी आगळ घातलं तर पीठ पातळ झालं.
मग बिनमिठाची सोलं तव्यावर कुरकुरीत करून कुटली,
खलबत्ता अजून लाल आहे,
चटणीला आंबट वास येतो, कोणी तक्रार करत नाही.

दिवाळीत सात घरांतून ताटं आली होती.
चकली, कडबोळी, शेवंतीकडची ती टणक बोरं.
रिकामं ताट परत करायचं नसतं.
दरवर्षी नेवऱ्या जातात, दोदोल जातो,
यंदा मीच बोलून बसले :
इग्नेस बोटीवर करतो तेच करीन.

कोरडी खोली मला तांडेलानं दिली.
"पाटे चाराक मतलई सुटता, डोंगराकडची, सुकी.
वाळवचा ता तेवाच वाळव गो."
तर चार वाजता, मागच्या पडवीत,
सात ट्रे, बेचाळीस जोड्या,
लालसर गोल टिकल्या,
आणि त्यांच्यावरून जाणारा तोच वारा
ज्यावर खाली बंदरात होड्या निघत होत्या.
माणसं दिसत नव्हती, फक्त खोकला ऐकू येत होता,
आणि कोणाची तरी विझायच्या बेतातली विडी.
मी बोट लावून पाहिलं.
चिकटलं नाही.

पाव निघाल्यावर भट्टी दमते.
हात आत धरून सतरापर्यंत मोजता आले
की समजायचं, आता तिला राग नाही.
त्या उरलेल्या उबेत ट्रे सरकवले
आणि दारापाशी उकिडवी बसले.

इग्नेस लिहितो : खाली बारीक झालर उठते,
तिला पाय म्हणतात. पाय आले तर जमलं.
आमच्या घरात पाय फुटतात ते वेगळे.
चांदीच्या चमच्याला फुटले.
पपाच्या घड्याळाला.
मग एका जूनमध्ये, बारावीचा निकाल लागल्यावर,
इग्नेसला.

सहाव्या मिनिटाला
कडेला फेस उठला, थांबला, तसाच राहिला.
मी शेवंतीला हाक मारली नाही.
थोडा वेळ ते माझ्या एकटीचं असू दिलं.

आत नेवरीतलंच सारण, खोबरं, गूळ, जायफळ,
जरा मऊ करून.
वर माडाच्या हिरानं नक्षत्रं काढली,
पिठीसाखरेची, पाच टोकांची,
शेवंतीची चार टोकांची.
"चलात," ती म्हणाली, "आभाळात खंय मोजतत?"
एकावर तिनं मासा काढला. तो सुरमई आहे म्हणे.

संध्याकाळी ताटं भरायला घेतली
तेव्हा फोन आला, तुटक, मध्येच यंत्राची घरघर.
"रेमेता, पाय फुटले का गो?"
मी डब्यात पाहिलं. फिलूमावशीच्या नातवाकडे पाहिलं,
त्याच्या हनुवटीवर साखर होती.
"बेचाळीस भाजले," म्हटलं,
"एकोणचाळीस आहेत."

पलीकडे हसू येण्याआधी
थोडा वेळ नुसता समुद्र ऐकू आला.